जुना हेडलाइट घेताय? आधी त्याची पाठ बघा

पार्किंगमधल्या खांबाला गाडीचा पुढचा कोपरा लागला. बंपरवर नुसता ओरखडा आला, पण उजव्या हेडलाइटची काच मधोमध तडकली आणि त्याचे दोन कान, म्हणजे दिवा गाडीला धरून ठेवणारे प्लास्टिकचे पट्टे, तुटले. नव्या दिव्याचा आकडा ऐकला आणि जुना पण ओरिजिनल दिवा शोधायचं ठरवलं. वाटलं होतं, एका रविवारचं काम आहे. प्रत्यक्षात तिसऱ्या दिव्याला जमलं. पहिले दोन समोरून पाहिले तर माझ्या दिव्याची जुळी भावंडं होती. एक चुकला तो पाठीमागच्या कपलरवर, म्हणजे दिव्याला वायरिंग जोडतात त्या प्लगवर, दुसरा काचेवरच्या नखाएवढ्या खुणेवर.

हेडलाइट निवडताना आपण चेहरा बघतो, आणि चेहरा तर सगळ्यात आधी जुळतो. एकाच आकाराच्या काचेमागे कंपनी तीन-चार वेगवेगळे दिवे बसवते. ते वेगळे ओळखायचे तर लेबल, कपलर आणि काचेवरची अक्षरं वाचता यायला हवीत. ती वाचायला मी धडपडत शिकलो, तुम्हाला धडपडायची गरज नाही.

१. आधी ठरवा, पूर्ण दिवा बदलायचाच आहे का?

एक झोत लागत नसेल तर आधी बल्ब, फ्यूज आणि अर्थिंगची वायर तपासा. काच पिवळी पडली असेल तर पॉलिश करून बरंच काम भागतं. आत थोडं धुकं धरत असेल तर कित्येकदा मागचं रबरी झाकण नीट बसलेलं नसतं, एवढंच. फक्त कान तुटले असतील तर काही मॉडेलांसाठी कंपनीच कानांचे सुटे तुकडे देते. ते स्क्रूने बसवायचे असतात आणि दिवा बदलावाही लागत नाही.

काच आरपार तडकली, आतली चंदेरी पन्नी सोलली, प्रोजेक्टर (आतलं गोल भिंग) लोंबकळायला लागला, तर मात्र दिवा बदला. ‘फक्त काच बदलून देतो’ असं कोणी म्हणालं तर जरा थांबा. काच काढायला दिवा तापवून सील सोडवावं लागतं. ते परत बसवणारा हात चांगला नसेल तर पहिल्या पावसात दिव्याचा मत्स्यालय होतो.

२. घरातून निघताना सोबत काय घ्यायचं

कागदांत गाडीच्या नोंदणीपत्राची प्रत आणि चेसिस नंबरचा स्पष्ट फोटो हवा. हा नंबर १७ अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजीतले आय, ओ आणि क्यू कधीच नसतात. लिहून घेतलेल्या नंबरात ओ दिसला तर ते शून्य आहे असं समजा. माझ्या वहीत असाच एक ओ होता आणि पार्टच्या दुकानातली संगणकप्रणाली माझी गाडी अस्तित्वातच नाही म्हणत होती.

फोटो काढा ते असे:
– दोन्ही हेडलाइट समोरून, दिवसा
– तुटलेल्या दिव्याच्या पाठीवरचं लेबल, अक्षरं वाचता येतील इतकं जवळून
– काचेवर कोरलेली बारीक अक्षरं
– कपलर काढून त्याची दोन्ही तोंडं, दिव्याकडचं आणि वायरिंगकडचं
– बल्बचे होल्डर आणि बल्बच्या बुडावरचा नंबर

हत्यारांत टॉर्च, मोजपट्टी, मल्टिमीटर, १२ व्होल्टची छोटी बॅटरी आणि तिला जोडायला १० अँपिअरच्या फ्यूजसह दोन वायरी. फ्यूज नसलेल्या वायरी नेऊ नका. दुसऱ्याच्या दुकानात ठिणगी पडली की पुढचा सौदा विसरा.

तुटलेला दिवा काढून सोबतच नेता आला तर फारच उत्तम. दोन्ही दिवे शेजारी पालथे ठेवले की पाच मिनिटांत निकाल लागतो.

३. डावा की उजवा, एकदाच नीट ठरवा

हसू नका. मी फोनवर ‘डावा हवाय’ असं ठामपणे सांगितलं होतं, कारण तेव्हा मी गाडीसमोर उभा राहून तिच्या तोंडाकडे बघत होतो. डावा-उजवा ठरतो तो ड्रायव्हरच्या सीटवर पुढे तोंड करून बसलेल्या माणसाच्या हातांवरून.

‘ड्रायव्हर साइड’ आणि ‘क्लीनर साइड’ हे शब्दही बेतानेच वापरा. उजव्या हाताला स्टिअरिंग असलेल्या गाडीत ड्रायव्हर साइड म्हणजे उजवा दिवा, डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत डावा. विकणाऱ्याकडे दोन्ही प्रकारच्या गाड्यांचा माल येत असेल तर हाच शब्द दोघांच्या डोक्यात उलटे अर्थ घेऊन बसतो. लेबलावर एलएच म्हणजे डावा, आरएच म्हणजे उजवा. तेच बोला.

४. पार्ट नंबर शोधा, आणि शेपटीपर्यंत वाचा

दिव्याच्या पाठीवर किंवा वरच्या कडेला एक कागदी लेबल असतं. नसेल तर प्लास्टिकमध्येच नंबर उठवलेला असतो. गाडीत बसवलेल्या दिव्याचं लेबल बहुधा दिसत नाही. बॉनेट उघडून मोबाइल आत सरकवा आणि अंदाजाने आठ-दहा फोटो काढा, एखादा लागतोच.

बऱ्याच कंपन्यांच्या नंबरात पहिले पाच आकडे पार्ट कोणता ते सांगतात. टोयोटाच्या गाड्यांत ८१११० म्हणजे उजवा हेडलाइट, ८११५० म्हणजे डावा. होंडात ३३१०० उजवा आणि ३३१५० डावा. ह्युंदाई आणि कियात ९२१०१ डावा, ९२१०२ उजवा. म्हणजे डाव्या-उजव्याची खातरजमा इथेच होते. त्यापुढचे आकडे-अक्षरं मॉडेल आणि व्हेरियंट सांगतात, आणि खरी गंमत तिथे आहे. सगळे आकडे जुळतात, फक्त शेवटचं एक अक्षर वेगळं असतं, आणि विकणारा म्हणतो, ‘साहेब, तेवढं चालतं.’ कधी खरंच चालतं, कारण कंपनी छोटी सुधारणा करून शेपूट बदलते. कधी त्या एका अक्षरात हॅलोजन आणि एलईडीचा फरक लपलेला असतो. न बघता मान हलवू नका. कंपनीच्या पार्ट काउंटरवर चेसिस नंबर देऊन तुमच्या गाडीचा नेमका नंबर काढून घ्या आणि जुन्याच्या जागी कोणता नवा नंबर आलाय तेही विचारा.

अजून एक गोंधळ असा, की दिव्यावर दोन-दोन नंबर असतात. एक गाडीच्या कंपनीचा, दुसरा दिवा बनवणाऱ्याचा. कोइटो, स्टॅनली, हेला, व्हॅलिओ ही दिवे बनवणाऱ्यांची नावं. ती पाहून डुप्लिकेट समजू नका, कारण गाडीच्या कंपन्या हेडलाइट यांच्याकडूनच बनवून घेतात. डेपो किंवा टीवायसी लिहिलं असेल तर तो बाहेरच्या बाजारासाठी बनलेला पर्यायी दिवा. तो वाईटच असतो असं नाही, पण ओरिजिनल म्हणून ओरिजिनलच्या भावात घेऊ नका.

५. ‘तेच मॉडेल, तेच साल’ यावर विसंबू नका

माझा पहिला दिवा इथे फसला. मॉडेल तेच, साल तेच, बाजूही तीच. घरी आणला, बोल्टच्या जागी बोल्ट बसले, बंपरची रेघसुद्धा जुळली. कपलर हातात घेतला तर माझ्याकडचा लांबट आणि दिव्याकडचा चौकोनी. मागचं झाकण उघडलं तर माझ्या दिव्यात अप्पर (लांबचा झोत) आणि डिपर (जवळचा, खालचा झोत) मिळून एकच बल्ब, यात दोन वेगळे. माझी गाडी मधल्या व्हेरियंटची, दिवा निघाला वरच्या व्हेरियंटचा. काचेबाहेरून फरक एवढाच, की आत डोळ्यासारखं गोल भिंग होतं. फोटोत ते मला दिसलंही होतं. मला वाटलं, छान दिसतंय.

तर हे तपासा.

पहिलं, फेसलिफ्ट. मॉडेलचं नाव तेच ठेवून कंपनी मधेच चेहरा बदलते. ज्या वर्षी हा बदल होतो त्या वर्षी जुनी आणि नवी अशा दोन्ही गाड्या रस्त्यावर येतात. शिवाय वर्षअखेरीस बनलेली गाडी पुढच्या वर्षी नोंदवली जाते. म्हणून नोंदणीचं नाही, उत्पादनाचं साल आणि महिना बघा.

दुसरं, दिव्याची जात. आत नुसता चंदेरी वाडगा असेल तर रिफ्लेक्टर, भिंग असेल तर प्रोजेक्टर. त्यातही बल्ब हॅलोजनचा, झेनॉनचा की एलईडी, हे वेगळं. गाडीत मुळात जे होतं तेच घ्या. ‘वरच्या व्हेरियंटचा बसवू, गाडी भारी दिसेल’ या मोहात वायरिंग, स्विच, कधीकधी गाडीचा संगणकही आडवा येतो.

तिसरं, बल्बचा नंबर. एच४ मध्ये दोन तारा असतात, ६० वॅटची अप्परची आणि ५५ वॅटची डिपरची, आणि मागे तीन पिना. एच७ मध्ये एकच ५५ वॅटची तार आणि दोन पिना, म्हणून अप्परसाठी वेगळा बल्ब लागतो. एच८, एच९ आणि एच११ हे तिघं लांबून सारखेच दिसतात, पण ते ३५, ६५ आणि ५५ वॅटचे आहेत. त्यांच्या बुडाच्या खाचा मुद्दाम वेगळ्या ठेवल्यात. खाच घासून बल्ब बसवलेला दिवा दिसला तर तो आधीच्या मालकाच्या हुशारीसकट तिथेच ठेवून या.

झेनॉनमध्ये तर नावं आणखी फसवी. डी१एस आणि डी३एस दिसायला भाऊ, पण पहिला ८५ व्होल्टवर चालतो, दुसरा ४२ वर, आणि दोघांचे बॅलास्ट, म्हणजे बल्बला लागणारा व्होल्टेज पुरवणाऱ्या डब्या, वेगळे. डी३एस आणि डी४एस पारा नसलेले आहेत. जुन्या दिव्यात नवा बल्ब घालू म्हणाल तर जमत नाही.

एलईडीत बल्ब असा नसतोच, सगळं आत कायमचं बसवलेलं असतं. पाठीवर चौकोनी डबी असते ती त्याची कंट्रोल मोड्यूल. जुन्या बाजारात ही डबी काढून वेगळी विकली जाते, आणि दिवा स्वस्तात मिळतोय म्हणून आपण खूश होतो. डबीची जागा रिकामी आहे का ते बघा. तुमच्या तुटलेल्या दिव्याची डबी शाबूत असेल आणि नंबर जुळत असेल तर ती हलवता येते. वळणावर झोत वळवणारे किंवा समोरच्यासाठी झोताचा तुकडा विझवणारे दिवे असतील तर बसवल्यावर स्कॅनर लावून कोडिंग, म्हणजे गाडीच्या संगणकाला नव्या दिव्याची ओळख, करून घ्यावं लागतं. ते कोण करून देणार, हे दिवा घेण्याआधी ठरवा.

६. कपलरच्या पिना मोजा

आकार जुळला तरी पिना मोजा. सहाचा कपलर, आठचा, दहाचा, चौदाचाही असतो. सगळ्या जागांत पिना असतीलच असं नाही. कपलर दहा घरांचा आणि पिना सातच, असंही दिसतं. तुमच्या दिव्यात कुठल्या घरांत पिना आहेत आणि नव्यात कुठल्या, हे फोटो शेजारी धरून ताडा. नव्यात एखादी जास्त पिन असेल तर ती बहुधा दिवसा लागणाऱ्या दिव्याची किंवा झोत वर-खाली करणाऱ्या, म्हणजे लेव्हलिंगच्या, मोटरची असते.

या मोटरचं वेगळं सांगायला हवं. डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांचं छोटं चाक असेल तर तुमच्या दिव्यात मोटर आहे. चाक नसेल तर दोन शक्यता: मोटरच नाही, किंवा सगळं आपोआप होतं. युरोपीय नियमांत २००० ल्यूमेनच्या वर प्रकाश देणाऱ्या डिपरला आपोआप झोत सावरणारी यंत्रणा आणि काच धुणारी फवारणी बंधनकारक ठेवली गेली. डी२एस झेनॉन ३२०० ल्यूमेनचा आणि एच७ हॅलोजन १५०० चा, म्हणून हा फरक. हॅलोजनच्या गाडीत नुसता झेनॉनचा दिवा चढवला की समोरच्याचे डोळे दिपतात ते यामुळे. मागच्या सीटवर माणसं बसली की नाक वर होतं आणि झोत खाली घ्यायला कोणी नसतं.

‘कपलर कापून वायरी जोडून देतो’ हा उपाय मी तरी करणार नाही. अगदीच करायचा झाला तर दोन्हींची वायरिंगची आकृती हातात हवी. रंगावर जाऊ नका, दिव्याच्या आतल्या वायरींचे रंग गाडीच्या वायरिंगशी जुळतीलच असं नाही.

७. काचेवरचा बाण शोधा

दुसऱ्या दिव्याने मला खरा धडा दिला. यावेळी लेबल बघितलं, पिना मोजल्या, बल्ब जुळवला. दिवा बसला, लागला, मी खूश. रात्री रस्त्यावर निघालो तर समोरून येणारा प्रत्येक जण अप्पर-डिपर मारतोय. घरी येऊन गाडी भिंतीसमोर उभी केली. डाव्या दिव्याची प्रकाशाची रेघ आडवी जाऊन रस्त्याच्या कडेकडे वर चढत होती. नव्या उजव्याची रेघ उलट्या बाजूला, थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत चढत होती. दिवा परदेशातून आलेल्या मालातला होता, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने गाड्या चालवणाऱ्या देशासाठी बनवलेला.

डिपरचा झोत सममित नसतो. समोरच्या वाहनाच्या बाजूला तो कापलेला असतो आणि कडेच्या बाजूला साधारण १५ अंशांनी वर चढतो, म्हणजे कडेने चालणारा माणूस आणि पाट्या दिसाव्यात. वाहतूक डावीकडून की उजवीकडून, यावर तो कुठे चढणार ते ठरतं.

हे काचेवर लिहिलेलं असतं. दिव्याच्या समोर उभे राहा. गोलात इंग्रजी ई आणि एक आकडा दिसेल, त्याच्या जवळपास आडवा बाण शोधा. बाण तुमच्या उजव्या हाताकडे असेल तर दिवा डावीकडून वाहतुकीसाठी, म्हणजे भारत, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलियासारख्या देशांसाठी. बाणच नसेल तर उजवीकडून वाहतुकीसाठी. दोन्ही टोकांना अणी असलेला बाण असेल तर दोन्हींसाठी, पण अशा दिव्यात आत एखादी खिट्टी फिरवावी लागते. ती योग्य बाजूला आहे का ते बघा.

ई-शेजारचा आकडा म्हणजे कुठल्या देशाने मंजुरी दिली तो: १ जर्मनी, २ फ्रान्स, ४ नेदरलँड्स, ११ ब्रिटन, ४३ जपान. दिवा तिथे बनला किंवा तिथेच चालतो, असा त्याचा अर्थ नाही. मीही ‘ई१ आहे, जर्मन माल आहे’ म्हणून भाव देऊन बसलो होतो.

जवळच एचसीआर दिसलं तर हॅलोजनचा अप्पर आणि डिपर दोन्ही, एचसी म्हणजे नुसता डिपर, एचआर नुसता अप्पर. एचच्या जागी डी असेल तर झेनॉन. पीएल म्हणजे काच प्लास्टिकची. अमेरिकी बाजारासाठीच्या दिव्यावर डीओटी ही अक्षरं असतात आणि तिथल्या झोताचे नियम वेगळे आहेत. ई-खूण नसलेले दिवेही भेटतात. तेव्हा झोत भिंतीवर पाडून बघणं हाच उपाय.

८. दिवा हातात घ्या आणि सावकाश फिरवा

विकणारा घाई करेल. करू दे.

आधी कानाशी धरून हळूच हलवा. आत खुळखुळ आवाज आला तर काहीतरी सुटलंय, बहुतेक वेळा रिफ्लेक्टर ज्या गोळीवर टेकतो ती प्लास्टिकची जागा. असा दिवा लागतो झकास, पण झोत खड्ड्यागणिक नाचतो.

मग कान मोजा. तुमच्या जुन्या दिव्याला जितके कान, तितके यालाही हवेत, आणि पूर्ण हवेत. चिकटवलेला कान ओळखायचा तर त्याच्या मुळाशी नखाने खरवडून बघा, गोंदाची कड लागते. एखादा बारीक कान नीट वेल्ड केलेला असेल तर मी घेईन. मुख्य वजन पेलणारा, बोल्ट जातो तो, अजिबात नाही.

टॉर्च काचेतून तिरकी मारा. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या केसाएवढ्या रेषा दिसल्या तर त्या प्लास्टिकच्या आत गेलेल्या असतात, पॉलिशने जात नाहीत. बाहेरचा पिवळेपणा जातो, पण त्यासोबत उन्हापासून वाचवणारा थरही जातो. परत थर दिला नाही तर थोड्याच दिवसांत काच पुन्हा पिवळी. आरशासारखी चकचकीत ‘जुनी’ काच दिसली तर विचारा, पॉलिश कधी केलं आणि वर काय मारलं?

मागचं झाकण काढून बल्बच्या भोकातून आत बघा. भोकाभोवती तपकिरी वळं असेल, प्लास्टिक वितळून ओघळलं असेल, तर आधीच्या मालकाने जास्त वॅटचा बल्ब चालवलाय. चंदेरी पन्नीवर धुरकट डाग म्हणजे तेच. पन्नीवर पाण्याच्या वाळलेल्या थेंबांचे पांढरे गोल दिसले तर दिवा कधीतरी आतून भिजलाय. होल्डरच्या पत्र्यांवर हिरवट किंवा लाल गंज आहे का तेही बघा. थंड रात्री काचेला आतून येणारं धुकं वेगळं, ते दिवा लावला की जातं. तळाशी साचलेलं पाणी आपोआप जात नाही.

काचेच्या कडेने बोट फिरवा. काळं सील कुठे बाहेर आलंय, कुठे चाकूने टोचल्याच्या खुणा आहेत, तर तो दिवा उघडलेला आहे.

९. तिथेच लावून बघा

बॅटरी याचसाठी नेली होती. अर्थची पिन मल्टिमीटरने शोधा, मग होल्डरना एकेक करून वीज द्या: डिपर, अप्पर, पार्किंग, इंडिकेटर. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल लागलं तर तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

झेनॉन उघडा करून लावून बघू नका, पेटताना त्यात हजारो व्होल्टचा झटका तयार होतो. कंट्रोल मोड्यूल असलेल्या एलईडी दिव्याच्या पिनांना अंदाजाने १२ व्होल्ट देणं म्हणजे मोड्यूल जाळायचा सरळ मार्ग. हे दिवे विकणाऱ्याने त्याच मॉडेलच्या गाडीवर लावून दाखवावेत. नाहीतर ‘चालला नाही तर परत’ असं लिहून घ्या.

१०. व्यवहार

दिवा कुठल्या गाडीतून काढला, हे विचाराच. व्यवस्थित धंदा करणारा माणूस गाडीचा फोटो किंवा चेसिस नंबर दाखवतो, आणि त्या नंबरावरून व्हेरियंट पुन्हा ताडता येतं. गाडीचा पत्ता नाही, वायरी कपलरसकट कातरलेल्या, कान ओढून तोडलेले, असा दिवा कितीही स्वस्त असला तरी नको. तो कोणाच्या तरी उभ्या गाडीतून उपटलेला असू शकतो.

पावतीवर पार्ट नंबर, बाजू आणि परतीची मुदत लिहून घ्या. नुसतं ‘हेडलाइट १ नग’ लिहिलेली पावती माझ्याकडे अजून आहे, तिचा कधीच काही उपयोग झाला नाही. दिवा कुरिअरने येणार असेल तर पाकीट उघडतानाचा व्हिडिओ काढा. वाटेत सगळ्यात आधी तुटतात ते कानच.

११. बसवताना

बॅटरीची वजा तार सोडा. पुष्कळ गाड्यांत हेडलाइट काढायला आधी बंपर सोडवावा लागतो. दिवा हलत नसेल तर ओढू नका, कुठेतरी लपलेला एक बोल्ट राहिलाय. बंपरखाली जुनी चादर अंथरा. बोल्ट आधी सगळे हाताने अर्धे लावा, बॉनेट हळूच टेकवून फटी सारख्या आहेत का बघा आणि मगच कसा.

१२. झोत लावा, हे टाळू नका

दिवा बसला की काम संपलं असं वाटतं. पण दुसऱ्या गाडीतून आलेल्या दिव्याचा झोत तुमच्या गाडीत बरोबर असण्याची शक्यता फार कमी.

सपाट जागी भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करा. चाकांत हवा बरोबर, सीटवर एक माणूस, लेव्हलिंगचं चाक शून्यावर. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर पट्टी चिकटवा. आता बॉनेटखाली किंवा दिव्याजवळ एक टक्केवारी लिहिलेली शोधा, बहुधा १ ते १.५ च्या मधली. १ टक्का म्हणजे ५ मीटरवर ५ सेंटिमीटर खाली, १० मीटरवर १० सेंटिमीटर. डिपरची आडवी रेघ तितकी खाली आली पाहिजे, आणि जिथून ती वर चढायला लागते तो कोपरा दिव्याच्या मध्यासमोर. दिव्याच्या पाठीवर दोन स्क्रू असतात, एक वर-खाली, एक डावी-उजवीकडे. पाव-पाव फेरा द्या आणि प्रत्येक वेळी बॉनेटवर हात दाबून गाडी एकदा हलवून घ्या.

सोपी युक्ती अशी, की दुसरा शाबूत दिवा आधी भिंतीवर पाडून त्याची रेघ चिकटपट्टीने आखून ठेवा. तो पूर्वी बरोबर लावलेला असेल तर नव्याला त्याच उंचीवर आणायचं असतं. खात्रीसाठी नंतर गॅरेजमध्ये बीम सेटरवर, म्हणजे झोत तपासायच्या यंत्रावर, तपासून घ्या.

तुटलेला दिवा लगेच भंगारात टाकू नका. त्याचं रबरी झाकण, होल्डर, लेव्हलिंगची मोटर, बल्बची स्प्रिंग यातलं काहीतरी नव्यात कमी निघतं. माझ्या तिसऱ्या दिव्याला झाकण नव्हतं. ते जुन्याचंच काढून लावलं, आणि पावसाळ्यात आत एक थेंब आला नाही.